मांजर, शेजारी आणि रात्रीचे दार

पंचवटीत राहणाऱ्या आमच्या एका वाचक कुटुंबाने आम्हांस एक प्रश्न लिहून पाठविला आहे. घरात पाळलेले मांजर रात्री बाहेर जाऊ द्यावे, की दार लावून आत ठेवावे, असा तो प्रश्न आहे. तो वाचून कित्येकांस हसू येईल. ज्या मंडळ्यांपुढे मुलांचे शिक्षण, दारूचे व्यसन, कर्ज आणि पावसाची ओढ असे विषय रोज उभे असतात, त्यांच्या पत्रात मांजराच्या येण्याजाण्याचा खल कशाला, असे कोणी म्हणेल. आम्हांसही प्रथम तसेच वाटले. परंतु पत्र पुन्हा वाचले तेव्हा आमच्या ध्यानात आले की, प्रश्न दिसण्यात मांजराचा असला तरी त्याच्या पोटात शेजारधर्माचा प्रश्न दडलेला आहे. म्हणून त्याचा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

हकीकत थोडक्यात अशी. नदीपासून फार दूर नाही अशा एका जुन्या वाड्यात हे कुटुंब राहते. वाड्यात ख्रिस्ती बिऱ्हाड एवढे एकच. घरात आजी, मुलगा, सून व दोन नातवंडे आहेत, आणि मनी नावाची एक मांजर आहे. मनी दिवसभर निजते आणि दिवेलागणीस उठून कौलांवरून निघून जाते, ती सकाळी परतते. वरच्या मजल्यावर एक वृद्ध विधवा बाई एकट्या राहतात. त्यांनी सज्जात चिमण्यांसाठी एक लाकडी पेटी टांगली होती. गेल्या उन्हाळ्यात तीत पिले झाली. एके दिवशी पहाटे मनी तेथे पोहोचली. बाईंनी पिसे झाडून काढली, पेटी खाली उतरवून ठेवली, आणि तोंडातून एक अक्षरही काढले नाही. जिन्यात भेटल्या तेव्हा नेहमीप्रमाणे मुलांची चौकशी मात्र केली. सूनबाई लिहितात, "त्या भांडल्या असत्या तर बरे झाले असते."

त्या दिवसापासून सूनबाईंचे म्हणणे असे की, मनीला रात्री आत ठेवावे. आजींना हे मान्य नाही. त्या म्हणतात, ज्या देवाने मांजराला अंधारात पाहणारे डोळे दिले, त्याने ते अंधारात फिरण्यासाठीच दिले. एकशे चौथ्या स्तोत्राचा आधार त्या घेतात. रात्र देवानेच केली, तिच्यात वनपशू बाहेर पडतात, सिंहाचे छावेदेखील आपले अन्न देवाजवळ मागतात, आणि सूर्य उगवला की माघारी जातात, असा त्या स्तोत्राचा आशय आहे. देवाने नेमून दिलेली वहिवाट माणसाने मोडू नये. जनावराला कोंडणे ही दया नव्हे, हा आपल्या सोयीसाठी केलेला जुलूम होय, असा आजींचा पक्ष आहे. हा पक्ष हसण्यावारी नेण्याजोगा नाही. शास्त्र वाचून, विचार करून त्या बोलत आहेत, आणि मुक्या प्राण्याचा कैवार घेऊन बोलत आहेत. म्हणून त्यांस उत्तर द्यावयाचे तर तेही विचारपूर्वकच दिले पाहिजे.

मांजर माणसाच्या घरी आले ते धान्यामागून. पश्चिम आशियात लोक शेती करून धान्य साठवू लागले, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे रानमांजर आले, असे विद्वानांचे मत आहे. सायप्रस बेटात सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाजवळ मांजर पुरलेले सापडले. पवित्र शास्त्राच्या आपल्या सहासष्ट पुस्तकांत पाळीव मांजराचा नामनिर्देश नसला तरी त्याचा व माणसाचा संबंध शास्त्रात सांगितलेल्या कित्येक गोष्टींहून जुना आहे. आपल्या देशातही त्याचे काम उंदीर मारण्याचेच होते. मुंबईत १८९६ साली प्लेग शिरला, आणि पुढील काही वर्षांत नाशिक जिल्ह्यासही त्याने सोडले नाही. उंदरांवरील पिसवांमुळे हा रोग पसरतो, असे पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली कराचीत दाखविले. पुढे वऱ्हाडात अमरावती येथे ब्यूकॅनन नावाच्या सरकारी डॉक्टरांनी, घरोघर मांजरे पाळणे हाच प्लेगवर उपाय आहे, असे आग्रहाने प्रतिपादन केले. आज आपणांस हेही ठाऊक आहे की, मांजराला स्वतःलाही प्लेग होतो व त्याच्यापासून तो माणसास लागल्याची उदाहरणे आहेत. तथापि जुन्या लोकांनी मांजराला रात्री मोकळे सोडले ते निर्दयपणे नव्हे, तर कामावर पाठविले, एवढे यावरून समजते.

पण ज्या रात्रीत आजींच्या आजीने मांजर सोडले, ती रात्र आज पंचवटीत राहिली आहे काय? एका अंगास मुंबई-आग्रा महामार्ग रात्रंदिवस वाहत असतो. गल्लोगल्ली मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या असतात. दुकानदार व शेतकरी उंदरांसाठी झिंक फॉस्फाइडसारखी विषे ठेवतात, आणि विष खाऊन झिंगलेला उंदीर मांजराच्या तोंडी प्रथम लागतो. पौष महिन्यात नाशिक-निफाडकडील थंडी कडाक्याची पडते. तेव्हा ऊब शोधीत मांजर उभ्या मोटारीच्या यंत्राजवळ शिरून बसते, आणि सकाळी गाडी सुरू झाली की जे व्हावयाचे ते होते. या कुटुंबाचे आधीचे मांजर महामार्गाच्या कडेला सापडले होते, आणि धाकट्या नातवाने ते आपल्या हाताने पुरले, असे सूनबाईंच्या पत्रात आहे.

खेड्यांतील आमच्या वाचकांनी तर आणखी एका प्राण्याचे स्मरण ठेवले पाहिजे. निफाड, दिंडोरी, सिन्नर या भागांत उसाच्या आश्रयाने बिबट्या राहतो, हे कोणास सांगावयास नको. नाशिक शहराच्या वस्तीतही तो अनेकदा शिरलेला आहे. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या आहाराचा अभ्यास झाला, तो २०१६ साली छापला गेला. त्यात असे आढळले की, बिबट्याने खाल्लेल्या भक्ष्याच्या वजनापैकी शेकडा ८७ भाग पाळीव जनावरांचा होता, व एकट्या कुत्र्यांचाच शेकडा ३९ होता. शेळ्या कुत्र्यांच्या कितीतरी पट असूनही त्यांचा वाटा शेकडा ११ इतकाच भरला. मांजरेही त्या आहारात होतीच. शेळ्यांचा वाटा इतका कमी का? आम्हांस वाटते, याचे मोठे कारण हे की, शेळी रात्री गोठ्यात बांधलेली असते आणि कुत्रे व मांजर मोकळे असते. ज्याला दाराआड घेतले ते पुष्कळ अंशी वाचले. शिवाय ज्या अंगणात रात्री कुत्री-मांजरी हिंडतात, त्या अंगणाची वाट बिबट्यास लागते, आणि त्याच अंगणात आपली लेकरेही असतात.

येथे आजींच्या स्तोत्राकडे आम्ही आदराने परत येतो. स्तोत्र सांगते की, रात्र वनपशूंची आहे. खरे आहे. परंतु वनपशू तो बिबट्या, मनी नव्हे. मनी जन्मली घरात, वाढली माणसाच्या ताटाजवळ. तिला आम्ही रानातून काढून घरची केली, तिचे अन्न आपल्या हाती घेतले, आणि मग रात्र झाली की "तू रानची आहेस, जा" असे म्हणतो. दिवसा आपली व रात्री देवाची, असे पालकत्व शास्त्रात कोठे आढळत नाही. जो प्राणी आपण आपला म्हटला, त्याच्या रात्रीचाही जबाब आपणच द्यावयाचा आहे. नीतिमान माणूस आपल्या जनावराच्या जिवाची काळजी वाहतो, असा बोध नीतिसूत्रांत केलेला आहे. त्यात दिवसरात्रीचा भेद केलेला नाही.

हे झाले मांजराच्या जिवाविषयी. पण दयेचा प्रश्न येथे अर्धाच सुटतो. कारण मांजर मरते तसेच मारतेही. "मांजराचा होतो खेळ, उंदराचा जातो जीव" ही म्हण आपल्या बायकामुलांच्या तोंडी आहे. मांजर केवळ भुकेने शिकार करीत नाही. पोटभर खाल्लेले मांजरही फडफडणाऱ्या पिलावर झेप घालते. त्यात त्याचा दोष नाही, आणि त्यास पापही नाही. पण त्याच्या धन्याचे काय?

न्यूझीलंडमधील स्टीफन्स नावाच्या लहान बेटावर दीपगृह बांधले गेले, तेव्हा तेथील माणसांबरोबर मांजरेही गेली. त्या बेटावर उडता न येणारा एक इवलासा पक्षी होता. १८९४ साली विद्वानांस त्याची ओळख होते न होते तोच, अल्पावधीत त्याचा निर्वंश झाला, आणि त्यात मांजरांचा मोठा हात होता. ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा येथे तर १ जुलै २०२२ रोजी वा त्यानंतर जन्मलेले मांजर धन्याने आपल्या आवारातच ठेवले पाहिजे, असा कायदा झाला आहे. आपला देश म्हणजे ते बेट नव्हे, हे आम्ही जाणतो. येथे रानमांजर व पाखरे युगानुयुगे एकत्र नांदत आली आहेत. पण आपल्या नाशिकची चिमणी आज पूर्वीइतकी सुखी नाही. वाड्यांची कौले व वळचणी गेल्या, सिमेंटच्या भिंतींत घरट्यास जागा उरली नाही, पिलांना भरवावयास किडे मिळेनासे झाले. नाशिकचेच मोहम्मद दिलावर यांनी चिमणीच्या रक्षणाचे काम हाती घेतले, आणि २०१० सालापासून २० मार्च हा दिवस जगात चिमणीचा दिवस म्हणून पाळला जात आहे. अशा दिवसांत एखादी वृद्ध बाई आपल्या सज्जात पेटी टांगते, ती वर्ष दोन वर्षे वाट पाहत राहते, तेव्हा कोठे एक जोडपे तीत घर करते. त्या घरात आपले मांजर शिरावे, ही लहान गोष्ट आहे असे आम्हांस म्हणवत नाही. बाजारात दोन दमड्यांस पाच मिळणाऱ्या चिमण्यांपैकी एकीचाही देवास विसर पडत नाही, असे आपल्या प्रभूने सांगितले आहे. जिची आठवण पित्यास आहे, तिची आठवण त्याच्या लेकरांनी ठेवू नये काय?

आता धन्याच्या जबाबदारीविषयी मोशेच्या नियमशास्त्राकडे पाहू. तेथे तीन लहान नियम आहेत. आपण ते वाचून पुढे जातो, पण आमच्या प्रश्नास त्यांत पुरेसा उजेड आहे. पहिला असा की, नवे घर बांधशील तर धाब्यास कठडा कर, म्हणजे कोणी पडून मेल्यास त्याचे रक्त तुझ्या घरावर येणार नाही. दुसरा असा की, वाटेत पाखराचे घरटे आढळले तर पिलांसह आईला धरू नकोस. तिला जाऊ दे. तिसरा नियम मारक्या बैलाचा. बैलाने प्रथमच कोणास हुंदडले तर धनी निर्दोष ठरतो. पण बैल मारका आहे असे धन्यास बजावले असूनही त्याने त्यास कोंडून ठेवले नाही, आणि मग त्याने कोणाचा जीव घेतला, तर दोष धन्यावर येतो.

मांजर बैल नव्हे आणि चिमणी माणूस नव्हे. शिक्षेची तुलना आम्ही करीत नाही. पण न्यायाचे तत्त्व पाहावे. ठाऊक नव्हते तोवर धन्यास दोष नाही; ठाऊक झाल्यावर "जनावराचा स्वभावच तसा" ही सबब चालत नाही. उलट स्वभाव ठाऊक आहे म्हणूनच जबाबदारी येते. पहिल्या पहाटे मनी सज्जात गेली तेव्हा हे कुटुंब निर्दोष होते. ती पिसे झाडली गेली त्या क्षणापासून ते निर्दोष राहिले नाही. आणि बाईंनी तोंडाने बजावले नाही म्हणून आपणांस बजावले गेलेच नाही, असे समजणे म्हणजे डोळे मिटून दूध पिण्यासारखे आहे. उतरवलेली पेटी हेच बजावणे होते.

तरीही एक आक्षेप उरतो, व तोच आम्हांस सर्वांत वजनदार वाटतो. दार लावणे म्हणजे स्वातंत्र्य हिरावणे नव्हे काय? दुसऱ्याच्या भल्यासाठी म्हणून कोंडणाऱ्यांनी जगात थोडे का जुलूम केले आहेत? या आक्षेपाचे उत्तर आम्हांस गोदावरीच्या पलीकडील तीरावर सापडते. नाशिकच्या मिशनने १८५४ च्या सुमारास एक वस्ती वसविली व तिचे नाव शरणपूर ठेविले. गुलामांच्या जहाजांतून सोडविलेली आफ्रिकी मुले तेथे वाढली, शिकली. त्यांच्यापैकीच जेकब वेनराइट हा १८७४ साली लिव्हिंग्स्टन साहेबांच्या देहाबरोबर इंग्लंडास गेला. माणसांच्या त्या दुःखाशी जनावराच्या गोष्टीची बरोबरी करण्याचा अविचार आम्ही करणार नाही. आम्ही केवळ 'शरण' या शब्दाचा अर्थ घेतो. जहाजाच्या तळघरासही दार होते आणि शरणपुरातील घरांसही दारे होती. दोहोंतील भेद कडीत नव्हता. एका दाराआड माणूस दुसऱ्याच्या लाभासाठी होता, दुसऱ्या दाराआड स्वतःच्या कल्याणासाठी. नोहाच्या तारवाचे दारदेखील आतून नोहाने नव्हे, तर देवाने लावले, असे उत्पत्तीच्या पुस्तकात सांगितले आहे. म्हणजे दार लावणे हे दयेचेही काम असू शकते.

पण यावरूनच दार लावणाऱ्यावर एक ओझे येते. आजींचा इशारा येथे फुकट जाऊ नये. मांजराला टोपलीखाली किंवा पेटाऱ्यात कोंडून आपण निश्चिंत निजलो, तर ते शरण नव्हे, तो तुरुंग झाला. हलताही येणार नाही अशा जागी प्राणी कोंडणे हा आपल्या देशाच्या १९६० च्या कायद्यानेही गुन्हा आहे. म्हणून जो आत ठेवील त्याने आतले जीवन जगण्याजोगे करावे. निजण्यापूर्वी मांजराला पोटभर खाऊ घालावे, आणि दोरीला चिंधी बांधून मुलांनी त्याला घटकाभर खेळवावे, म्हणजे ते रात्री निजते. चढून बसावयास एखादी फळी व खिडकीस जाळी असावी. कोपऱ्यात माती वा वाळूचे एक पसरट घमेले ठेवावे व ते रोज साफ करावे. गरोदर स्त्रीने मात्र त्यास हात लावू नये, कारण मांजराच्या विष्ठेतून होणारा एक रोग पोटातील बाळास बाधतो. आरंभी काही रात्री मांजर ओरडेल व दार खरवडेल. धीर धरावा, त्यास सवय लागते. नर-मादीची शस्त्रक्रिया पशुवैद्याकडून करून घेतली म्हणजे रात्रीची ओढ पुष्कळ कमी होते, आणि मांजरीस सुमारे नऊ आठवड्यांनी होणारी पिले पोत्यात घालून घाटावर सोडून येण्याचे पापही टळते. पिसाळण्याच्या रोगाची लस दर वर्षी टोचून घ्यावी. हा रोग कुत्र्याप्रमाणे मांजराच्या चाव्यानेही होतो, आणि एकदा लक्षणे दिसू लागल्यावर त्यातून जवळजवळ कोणी वाचत नाही. मांजर चावले वा ओरबाडले तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ दवाखाना गाठावा.

आणखी एक गोष्ट. मांजराची शिकारीची खरी वेळ मध्यरात्र नव्हे; तिन्हीसांज व पहाट ही ती वेळ होय. म्हणून निजताना दार लावून पहाटे उठताच उघडणे म्हणजे चोर गेल्यावर नव्हे, तर चोर येण्याच्या वेळी कुलूप काढणे होय. दिवेलागणीपूर्वी आत घ्यावे आणि ऊन चांगले चढल्यावर सोडावे.

खेड्यातील आमचे बंधू म्हणतील, आमचे घर एका खोलीचे, दारास फटी, आणि मांजर तर कणगीतील धान्य राखण्यासाठीच पाळलेले. आम्ही काय करावे? आम्ही त्यांच्यावर शहराचा नियम लादीत नाही. ज्याचे धान्य त्याचे मांजर. त्यास रात्री त्या धान्याच्या खोलीतच निजवावे, म्हणजे कामही होते व जीवही राखला जातो. जेथे दारच नाही, तेथे दारासाठी देव जबाब मागणार नाही. प्रत्येकाजवळ जे असेल त्याप्रमाणेच मागणी केली जाते, हा आपल्या प्रभूचा न्याय आहे. परंतु ज्याच्या घरास दार आहे, कडी आहे, आणि केवळ उठण्याचा आळस आहे, त्याने आळसास स्वातंत्र्याचे नाव देऊ नये.

तेव्हा आमचे मत सूनबाईंच्या बाजूने पडते: मनीला रात्री आत ठेवावे. पण आजींनी हरल्याचे वाईट वाटून घेऊ नये. कारण आत ठेवणे जुलूम होऊ नये याची राखण घरात त्यांच्याइतकी चांगली कोणी करणार नाही. ते काम आम्ही त्यांच्याकडेच सोपवितो.

मात्र आमचे उत्तर एवढ्यावर संपत नाही. या कुटुंबाने आजपासून आपले दार लावले, आणि वर्षभर एकही पाखरू मेले नाही, तरी वरच्या मजल्यावरील ती पेटी खालीच राहील. दार लावल्याने पुढचे नुकसान टळते. झालेले भरून येत नाही. वेदीजवळ अर्पण आणले असता आपल्या भावाच्या मनात आपणाविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याकडे जावे, असे प्रभूने शिकविले आहे. त्या बाई आपल्या उपासनेस येत नाहीत, त्यांचा देव्हारा वेगळा आहे. पण प्रभूने शेजारी कोण हे सांगताना शोमरोनी मनुष्याचे उदाहरण दिले, हे आपण विसरू नये. वाड्यातील एकुलत्या ख्रिस्ती बिऱ्हाडाचे शुभवर्तमान शेजाऱ्यांस प्रथम वाचावयास मिळते ते जिन्यात मिळते. नातवंडांस बरोबर घेऊन जावे, आणि आमच्याकडून असे झाले, आम्हांस क्षमा करा, आता आम्ही मांजर आत ठेवितो, असे सरळ शब्दांत सांगावे. पेटी पुन्हा टांगण्यास कोणाचे हात लागले तर ते मुलांचे असावेत.

चिमण्या पुन्हा येतील की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. पण रात्री कडी लावताना घरातले कोण आत आले व कोण बाहेर राहिले हे पाहण्याची रीत आपल्या सर्व घरांत जुनी आहे. त्या मोजणीत मनीही असावी, आणि वरच्या मजल्यावरील बाईही असाव्यात.